उघडी पडलेली तक्रार

संकटातल्या बायकांना मदत मागता यावी म्हणून स्वयंसेवकांनी बनवलेल्या ॲपबद्दल आलेल्या सगळ्या तक्रारी हेमांगीने सकाळीच नव्या संकेतस्थळावर हलवल्या होत्या. दुपारी त्या चाळताना तिला चूक दिसली. जुन्या संकेतस्थळावर गुप्त असलेल्या तक्रारी इथे सगळ्या जगाला दिसत होत्या.

“मी नवऱ्यापासून लपून मिरजेला मावशीकडे आलेय, पण ॲप जुनाच पत्ता दाखवतंय,” असं एका बाईने नाव आणि फोन नंबरासकट कळवलं होतं. त्याखाली कुणीतरी तासाभरापूर्वी लिहिलं होतं, “अस्सं! मावशीकडे होय?”

हेमांगीने तक्रार पुसून टाकली आणि त्या नंबरावर फोन लावला. “ताई, मी ॲपवाली हेमांगी. तुमचा पत्ता नवऱ्याला कळलाय!”

“अगं बाई! आत्ताच दार वाजलं. मावशी बघायला गेलीये.”

“मागच्या दाराने निघा. फोन ठेवू नका.”

पलीकडून एका पुरुषाच्या शिव्या ऐकू आल्या, त्यावर मावशीचा चढलेला आवाज, मग पळणाऱ्या चपलांचा. अखेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

“सुटले ताई,” बाई धापा टाकत म्हणाली. “पण मावशी एकटीच त्याच्यासमोर उभी आहे हो!”