मान्य

प्रोग्रामर लेकाने अक्षरांच्या चौकटीतला शब्दखेळ निगुतीने रचला. चौकट, अक्षर, खेळाडू, प्रत्येकाचा क्लास, म्हणजे कोडमधला कप्पा, वेगळा. कुणी कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. एकाने शब्द जुळवला की दुसऱ्याने ‘मान्य’चं बटण दाबायचं, मगच डाव पुढे. दोन फोन घेऊन दोन्हीकडून स्वतःच खेळला, तेव्हा सगळं बिनबोभाट पार पडलं.

मग फोन आईबाबांच्या हाती दिले, तर डाव बाबांच्या पहिल्याच शब्दावर अडकला. चार वाजता साहेबांना दाखवायचं होतं. त्याने सगळा कोड पिंजून काढला, चूक सापडेना. शेवटी रडकुंडीला येऊन आईला विचारलं, “बटण चालत नाहीये का गं?”


“दाबलंय कुणी? शब्द बरोबर आहे रे, पण चाळीस वर्षांत ह्यांचं काही मान्य केलं नाही, ते आता तुझ्या खेळापायी करू?”