पंधरा अक्षरं

चंद्राच्या पलीकडच्या तळाशी रेडिओ संपर्क तुटून चार दिवस झाले होते. आता आधार फक्त तळावरून सोडलेल्या न्यूट्रिनो कणांचा होता. ते अख्ख्या चंद्रातून आरपार येऊन पृथ्वीवर विद्यापीठाच्या जुन्या खाणीतल्या पाण्याच्या टाकीत उमटत. दिवसाला जेमतेम पंधरा अक्षरं यायची, आणि तळावरची माणसं ती आळीपाळीने वापरत.

आजची अक्षरं ऋताच्या वाट्याची होती. ती तिथली अभियंता होती आणि तिचे बाळंतपणाचे दिवस भरले होते.

"मॅडम, अक्षरं आली आहेत. उघडू?" मदतनीस रझियाने विचारलं.

"तपासणी झाल्याशिवाय नाही," टाकीच्या प्रमुख वैजयंतीबाई म्हणाल्या. नियम त्यांनीच घालून दिला होता. आधी उघडलं, की माणसाला खोट्या नोंदींच्या गोंगाटातही हवं तेच दिसतं.

"अहो, तुमची स्वतःची लेक आहे ती!"

"म्हणूनच."

तीन तास त्या टाकीतल्या प्रकाश टिपणाऱ्या एकेका नळीची नोंद ताडून पाहत बसल्या. चहा दोनदा गार झाला. शेवटच्या सहीच्या वेळी रझियाने कागद घट्ट धरला. मग बाईंनी संदेश उघडला.

पडद्यावर पंधराच्या पंधरा अक्षरं होती.

"मुलगी झाली. तपासून उघडलंस ना?"