शाईने खोडलेलं परत लिहायचं नाही

"डोळ्याचं ऑपरेशन," भावाने खर्चाच्या वहीतून वाचलं आणि पट्टी लावून ती ओळ शाईने खोडली. "पुढच्या वर्षी बघू."

ताई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. सलग तिसऱ्या वर्षी तिचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर गेलं. मोतीबिंदू आता एवढा वाढला होता की घरातली माणसं तिला आवाजावरून ओळखावी लागत. आणि ही बाई एकतीस वर्षं डोळ्यांच्याच वॉर्डात नर्स होती. शेकडो लोकांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या तिने सोडल्या होत्या. तिच्यावर ही वेळ यावी!

"अरे, डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर..."

"डॉक्टरांचं काय जातं सांगायला, ताई? पैसे त्यांना द्यायचे नाहीत, घ्यायचे आहेत."

वर्षाच्या पहिल्या रविवारी सकाळी ही वही उघडायची, हा भावाचा शिरस्ता होता. वर्षभराचे खर्च तो सुबक अक्षरात लिहून आणायचा. मग घरातल्या प्रत्येकाने एकेक ओळ खोडायची. शाईने खोडलेलं वर्षभर परत लिहायचं नाही, कुणी कितीही डोकं आपटलं तरी. गेल्या वर्षी त्याने स्वतःची स्कूटरसुद्धा अशीच खोडली आणि विकून टाकली. तेव्हापासून रोज साडेनऊला डबा घेऊन तो ऑफिसला चालत जायचा आणि चालणं तब्येतीला किती चांगलं, हे भेटेल त्याला ऐकवायचा. जमेचं पान मात्र तो कुणाला दाखवत नसे. मिळवायचं मी बघतो, तुम्ही फक्त खर्चाचं बघा, असं म्हणायचा.

आता पेन भावजयीच्या हातात गेलं. तिने वर्तमानपत्र खोडलं.

"वन्संना तसंही वाचता येत नाही आता," ती म्हणाली. "उगीच रद्दी."

रोज दुपारी पेपरातला एखादा मजकूर सून ताईला वाचून दाखवायची. तेवढीच तिची करमणूक. चार वर्षांपूर्वी ताई या घरात राहायला आली, तेव्हापासून मिठाची गुळणी धरून बसायची तिला सवयच झाली होती. तिचं तुटपुंजं पेन्शन तिच्या औषधांनाही पुरत नाही, वरचं सगळं आपणच बघतो, असं भाऊ सांगायचा. 'ह्यांनी बहिणीला सांभाळलं, पण कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही,' हे भावजय येणाऱ्याजाणाऱ्याला न चुकता बोलून दाखवायची.

मुलगा नोकरीसाठी परगावी होता, म्हणून मग सुनेने यादीवरून बोट फिरवलं. पोर वाईट नव्हती, पण नवी होती, आणि सासऱ्यांना खूश करायची तिला घाई होती.

"आत्यांची रिक्षा खोडू का, बाबा? महिन्यातून एकदा जाता तुम्ही दोघं, पण येण्याजाण्याचे किती घेतो तो!"

"नको!" भाऊ जरा जोरातच म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "राहू दे गं. तिला तेवढंच बाहेरचं वारं लागतं. बहिणीच्या बाबतीत मी एवढा कंजूष नाही."

"बघा," भावजय म्हणाली. "दुसरा कुणी असता तर?"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. डोळे खोडायचे आणि रिक्षा ठेवायची, वर मोठेपणाचा आव! धाकटा म्हणून त्याला कडेवर खेळवला, त्याच्या फिया भरल्या, त्याची अब्रू आपली मानली, त्याचं हे फळ.

सुनेने मुकाट्याने आपलाच शिवणाचा क्लास खोडला.

"झालं," म्हणत भाऊ वही मिटायला लागला.

"माझी ओळ राहिली," ताई म्हणाली.

आजवर तिने एकही ओळ खोडली नव्हती. भाऊ हसला. "खोड की. दिसतंय कुठे तुला?"

"सूनबाई, रिक्षाची ओळ कुठली? माझं बोट ठेव तिच्यावर."

सुनेने ठेवलं. ताईने पट्टी मागितली, चाचपून लावली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. रेघ सरळ आली.

"अहो वन्सं, तुमचं तेवढंच तर बाहेर जाणं!" भावजयीलाही जरा गहिवरून आलं. "घरासाठी किती मन मारता हो तुम्ही!"

भाऊ मात्र खुर्ची मागे सारून उभा राहिला होता.

"ताई, हा काय वेडेपणा? ते धरायचं नाही. मी परत लिहितो."

"शाईने खोडलंय."

"मग दुसरं काहीतरी बघू. बसने जाऊ."

"बसच्या पायऱ्या मला दिसत नाहीत. ऑपरेशन तू खोडलंस. स्कूटर तू विकलीस. आता वर्षभर मी घरातच बसणार."

"बाबा, एवढं काय त्यात?" सुनेला काही कळेना. "एक फेरीच तर आहे. बागेत जाता ना तुम्ही?"

"गप्प बस तू!" भाऊ ओरडला. मग बहिणीजवळ जाऊन वाकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, पाया पडतो. ह्यांच्यासमोर नको."

"चार वर्षं नकोच म्हणत आले," ताई मोठ्याने म्हणाली. "सूनबाई, ती रिक्षा बँकेत जाते. माझी सही झाल्याशिवाय पेन्शन हातात पडत नाही, आणि ज्याला तुम्ही ह्याचा पगार म्हणता ते माझं पेन्शन आहे. ह्याची नोकरी जाऊन चार वर्षं झाली."