बंद दिव्याची खबर

दुपारच्या पॅसेंजरनं देवीदास तिगावला उतरला आणि फलाटावर वाट पाहत उभ्या असलेल्या बायकोच्या अगदी जवळून सरळ पुढे निघून गेला. यमुना लगबगीनं त्याच्या मागं गेली.

"अहो, मी इथं उभी आहो ना. रागावले काय माह्यावर?"

तो थांबला. "नाही वं. मले दिसलीच नाही तू."

देवीदास कोकणात एका कंपनीच्या बंदरावर कामाला होता. खडक कुठं आहेत ते जहाजांना कळावं म्हणून कंपनीनं समुद्रात तरंगते दिवे सोडले होते. दिवेलागणीला होडीतून फिरून ते पाहायचे आणि एखादा विझलेला दिसला की लगेच कळवायचं, हे त्याचं काम.

"एक दिवा बंद हाय म्हणून कळवलं मी," तो म्हणाला. "दुरुस्तीवाले गेले, तं दिवा चालूच. तवा समजलं, माह्ये डोयेच जाऊन राहिले."

"मंग?"

"मंग काय, साहेबाले खरं सांगून टाकलं. उद्या दिवा खरंच विझला अन् मले कळलं नाही, तं मानसं मरतीन. मीच म्हटलं, मले ठेवू नका." त्यानं हातातली पेटी खाली ठेवली. "आता घरी बसून काय करू, यमुने?"

यमुनेनं त्याची पेटी डोक्यावर घेतली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, चारचौघांदेखत, त्याचा हात हातात धरला.

"समोर मोठा दगड हाय," ती म्हणाली. "माह्या बाजूनं या."