कलीमला परत आणा

"चाची, फोटो थोडा खाली धरा. तुमचं तोंड झाकून राह्यलं."

अतुलनं मोबाईल आडवा केला. कमरुन्निसानं पोराचा फोटो मांडीवर घेतला आणि दारात, उजेडाकडे तोंड करून बसली. कसं बसायचं ते तिला सांगावं लागलं नाही.

फोटोतला कलीम पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये फिटर होता. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, आणि पोरगा एका एजंटाच्या ओळखीनं इराकला गेला, जनरेटर दुरुस्त करायला. सुरुवातीला रोज फोन. मग तिकडं लढाई पेटली, बंदूकवाल्यांनी ते शहरच ताब्यात घेतलं, आणि कलीमचा फोन जो बंद पडला तो पडलाच. जिता की मेला, कोणी सांगेना.

तेव्हापासून बाईचा पाय घरात ठरत नव्हता. दारातून हायवेवर, हायवेवरून दारात. भाकर तव्यावर करपायची आणि ही हातातल्या मोबाईलकडे पाहत उभी. सरकारी ऑफिसात खेटे घालून चपला झिजल्या. तिथं एकच उत्तर, माहिती मागवली आहे.

शेवटी अतुलच्या आईनं, शेजारच्या कौसल्यानं, व्हिडिओचा विषय काढला. दोघी जिनिंगमध्ये कापूस निवडायला सोबत होत्या.

"भाभी, जिनिंग बंद पडली तवा आपण काय कमी अर्ज केले? कोणी ढुंकून पाह्यलं काय? टीव्हीची गाडी आली, मी कॅमेऱ्यापुढं छाती पिटली, अन् दुसऱ्या दिवशी साहेब दारात. तोंड दाखवल्याबिगर आपल्याले कुत्रं विचारत नाई."

यात खोटं काहीच नव्हतं. कापसानं या जिल्ह्याला दुसरं काही दिलं असो नसो, कॅमेऱ्यापुढं बसायला मात्र झकास शिकवलं. फोटो कुठं धरायचा, दारातला उजेड कुठून येतो, इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कोपऱ्यात कलीमचा बाप निजामुद्दीन गादीत रुई भरत होता. तो मान वर न करता म्हणाला, "पोराचं नाव रस्त्यावर नको नेऊ."

"तुमचं काय जाते," कमरुन्निसा तडकली. "बाप हाये की दगड?"

तो रुई भरत राहिला. तिला त्याचा इतका राग आला, की त्या दिवशी त्याला तिनं चहासुद्धा विचारला नाही.

अतुलचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. त्यानं बोट वर केलं, बोला.

"हा माहा कलीम," ती म्हणाली. "मशीनीत डाव्या हाताचं अर्धं बोट गेलं त्याचं. यवतमाळ जिल्ह्याचा हाये, हिंदुस्तानचा हाये. कोणाले दिसला तर ओळखा अन् माह्या लेकराले घरी पाठवा." पुढचं तिला बोलवेना. ती जी रडली, ते सगळं अतुलनं मोबाईलात घेतलं.

त्यानं मागं रणगाडे टाकले, धूर टाकला, रडकं गाणं टाकलं. रणगाडे कोणत्या देशातले, ते त्यालाही माहीत नव्हतं. "लढाई ते लढाई," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ वणीत होता, सकाळी नागपुरात. मग काय विचारता. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर स्वतःच्या थोबाडाऐवजी कलीमचा फोटो. राजूरच्या कोळशाच्या ट्रकांमागं पोस्टर, 'कलीमला परत आणा'. कॉलेजच्या पोरींनी मेणबत्त्या घेऊन मोर्चा काढला. इराक दुबईच्या अलीकडे की पलीकडे हे ज्यांना सांगता येत नव्हतं, ते पानठेल्यावर तिथल्या लढाईचा निकाल लावू लागले. टीव्हीवाले आले. आणि खरंच, त्यांच्यामागोमाग साहेब आले, गादीवर बसले, अर्धा कप चहा प्यायले.

"पाह्यलं?" कौसल्या म्हणाली.

एका दुपारी अतुल धापा टाकत आला. "चाची, तिकडं पोचला आपला व्हिडिओ. अरबीत कॉमेंट येऊन राह्यल्या. त्याच शहरातले लोक हायेत. आता कोणी ना कोणी ओळखतेच पाहा त्याले."

कमरुन्निसानं गल्लीत साखर वाटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली, आणि नवऱ्याला ऐकवायलाही विसरली नाही, "तुमचं ऐकलं असतं तर?"  निजामुद्दीननंही हात पुसले आणि व्हिडिओ पुन्हा एकदा दाखवायला सांगितला.

दोन दिवसांनी फोन वाजला. नंबर भलताच लांबलचक.

"अम्मी."

तोच आवाज. पण दबका, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा. कमरुन्निसानं कौसल्याला अशी हाक मारली की गल्ली अंगणात गोळा झाली. अतुलनं घाईघाईनं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तिनं स्पीकर लावला.

"बेटा, कसा हायेस? कोणी धरून ठेवलं तुले? मारलं काय?"

"नाई अम्मी. कोणीच नाई धरलं. मी बरा होतो."

"मंग फोन काहून नाई केला रे?"

"एका म्हाताऱ्याच्या गॅरेजात होतो. बंदूकवाले बाहेरच्याले उचलून नेतात, म्हणून मुका भाचा हाये असं सांगितलं त्यानं सगळ्याइले. इतके महिने मी कोणापुढं तोंड उघडलं नाई. जेवू घातलं त्यानं, सांभाळलं. रस्ता मोकळा झाला की सरहद्दीपार नेऊन सोडणार होता मले."

"मंग ये ना घरी. साहेब आलते आपल्याकडं. सारे तुही वाट पाहून राह्यले."

 फोनमध्ये कलीमच्या मागं कोणीतरी लोखंडी शटर बडवत होतं.

"अम्मी, सकाळी एक बंदूकवाला टायर बदलाले आलता. त्यानं आपला मोबाईल माह्या तोंडापुढं धरला," तो म्हणाला. "मी बोललो नाई अम्मी. पण तू दिसली, अन् मले रडू आलं."