हात पोचेल तिथवर

“मागच्या दाराची कडी एवढ्या वर? घरातल्या सगळ्यांचे हात पोचतात का इथवर?” बाबूराव सुताराने विचारलं.

“पोचू नयेत म्हणूनच!” शांती हसली. मागच्या अंगणात संडास, त्याच्या पलीकडे ओढा. दोन वर्षांचा बलराम कालच पार पाण्यापर्यंत गेला होता.

वादळात लॉंग माउंटन गावचं घर पडलं, तेव्हापासून सासूबाई अनुसया बो बासें शहरात मुलाकडे, शांतीच्या नवऱ्याकडे, सत्यदेवकडे राहत होत्या. पुढे काही दिवसांनी त्यांचं लुगडं भिजू लागलं. आधी कधीतरी, मग रोज. सत्यदेवच्या साहेबांची बायको आली, त्या दिवशी वेताच्या खुर्चीखाली थारोळं झालं. शांतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांचा दुपारचा चहा बंद केला. बलरामचं मेणकापड त्यांच्याखाली घातलं. “आई, वेळेवर उठत जा ना! बलरामसुद्धा सांगतो आता,” एकदा ती बोलून गेली. अनुसया भिंतीकडे बघत राहिल्या.

शेवटी ठरलं, त्यांना मोंतान्य ब्लांशला थोरल्या दिरांकडे पाठवायचं. गाठोडं बांधून झालं. त्याच सकाळी नर्स देवकी बलरामला लस टोचायला आली. दोरीवर ओळीने वाळणारी लुगडी तिने पाहिली.

“वय झालंय. ताबा राहिला नाही,” शांती कुजबुजली.

देवकी अनुसयांकडे वळली. “आजी, मला नुसतं संडासापर्यंत जाऊन दाखवा.”

अनुसया लगेच उठल्या. नीट चालत मागच्या दाराशी गेल्या. हात वर केला. जन्मभर उसाच्या मोळ्या वाहून खांदा आखडलेला; हात कानाखालीच अडला. कडी वीतभर वर राहिली. त्या दाराकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या, रोज राहत असतील तशा.

“अयो, आजी! मग हाक मारायची नाही?”

“मारली की पयल्यांदा. सूनबाय म्हणाली, थांबा, बाळ जेवतंय. मी थांबले गं. अंगानं नाय ऐकलं.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “आन् कडी पोराच्या जिवासाठी हाय. माझ्यासाठी काढा, असं कसं म्हणू?”

गाठोडं सोडताना शांतीने मान वर केली नाही.

इथवर ‘शांती’ लिहिलं, कारण ‘मी’ लिहायची लाज वाटली. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज त्याच्यासोबत मागच्या दारापर्यंत चालत जा. कडी तुम्ही काढू नका. त्याला काढू द्या.