सोमवारी उतरणारा रंग

पोवळं पांढरंफटक पडलं होतं, आणि सापारला आतल्या आत बरं वाटत होतं.

चेहऱ्यावर मात्र त्याने पुरती काळजी आणली. काचेला नाक लावून तो बघत राहिला. मागे येर्बोल हात चोळत उभा होता.

"मेलं का हो, आगा?"

"मेलं असतं तर मांस सुटून आलं असतं. हे जिवंत आहे, नुसतं कोरं पडलंय."

पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं आणि त्याच्यावरच ते जगतं. काही सोसवेनासं झालं की पोवळं त्या शेवाळालाच बाहेर काढतं. कारण वेळेत सापडलं तर रंग परत भरतो, नाहीतर महिन्याभरात उपाशी मरतं. हे येर्बोललाही ठाऊक होतं. म्हणून तर त्याने बुधवारी भरदुपारी सापारला कामावरून बोलावून घेतलं होतं.

समुद्रापासून शेकडो कोस दूरच्या कारागांदा शहरात घरातल्या काचेच्या टाकीत समुद्र पाळायचं वेड आणलं ते सापारने. येर्बोलला त्यानेच हाताला धरून शिकवलं. तीन वर्षांपूर्वी आपल्या पोवळ्याचं अंगठ्याएवढं टोक तोडून दिलं तेही त्यानेच. सापारकडचं मूळ पोवळं जन्मभर मातकट राहिलं, आणि या उन्हाळ्यात दोन दिवस वीज गेली तेव्हा मेलं. येर्बोलकडचं टोक मात्र टोपीएवढं वाढलं आणि जांभळं झालं. असं जांभळं, की लोक आस्तानाहून गाडी काढून बघायला यायचे. 'येर्बोलचं जांभळं' म्हणायचे. ते तोडून कोणी दिलं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नसे. आपलं पोवळं मेल्यापासून सापार दर रविवारी चहाला यायचा, टाकीसमोर खुर्ची ओढून तासभर बसायचा, "छान, छान" म्हणायचा आणि घरी जाऊन बायकोशी भांडायचा.

त्याने सगळं तपासलं. मीठ बरोबर, उष्णता बरोबर. दिवा जुनाच, तेवढ्याच उंचीवर. पाण्यात औषधाच्या बाटल्या ओततात तशातला येर्बोल नव्हता. चूक सापडत नाही म्हणून सापारला उलट रागच आला.

"फोटो असतील ना?"

होते तर. येर्बोल रोज सकाळी उठून पोवळ्याचा फोटो काढायचा. स्वतःच्या पोरींचे इतके काढले नसतील, असं सापारच्या मनात आलं. तो एकेक फोटो सरकवत गेला आणि थांबला. आठवडाभर रंग होता तसाच राहायचा, सोमवारी एकदम एक पायरी उतरायचा. सहा सोमवार ओळीने.

"रविवारी काय होतं रे घरात?"

"काय होणार? तुम्ही येता, चहा होतो. तुम्ही निघालात की मी पोरींना त्यांच्या आजोळी नेतो. घरी एकटी आपा."

येर्बोलची आई, बातिमा आपा, खिडकीपाशी चहा गाळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

सापारने टाकीखालचं कपाट उघडलं. आत फेस काढायचं यंत्र घुरघुरत होतं. हवा ओढून ती पाण्यात घुसळायची आणि फेसाबरोबर घाण वर काढायची, एवढंच त्याचं काम. त्याने हवेची नळी उपसली. आतून काळपट, चिकट राप. नाकाशी नेली. कडवट वास. हा वास कुणाला ओळखू येणार नाही? अदिरास्पान! दृष्ट काढायला जाळतात तो पाला. म्हातारी धुरी देत होती, यंत्र ती धुरी ओढत होतं आणि पोवळं ती पीत होतं.

तो बोलणार, एवढ्यात येर्बोलच म्हणाला, "आगा, खरं सांगू? माझ्या हातून जाणार हे. मुळात तुमचंच आहे. घेऊन जा. तुमच्याकडे तरी जगेल."

सापारला आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. घरी नेलं की महिन्याभरात रंग भरणार, आणि आस्तानावाले मग त्याच्या दारात येणार.

"बादली आण," तो म्हणाला.

येर्बोलने बादली आणली. बाही वर करून त्याने पाण्यात हात घातला. पोवळ्याला हात लावताना त्याने डोळे मिटून घेतले. पोरीची पाठवणी करावी तसा दिसत होता. सापारला त्याचा हेवा वाटला. मग स्वतःची शरम वाटली, आणि ती जास्त बोचली. आपल्याकडे हे पुन्हा मातकटच होणार, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"थांब. काढू नकोस. कारण सापडलंय."

त्याने नळी दाखवली आणि सगळं नीट समजावलं. बोलता बोलता त्याला हलकं वाटायला लागलं. तीन वर्षांचा काटा आज आपल्याच हाताने उपटून टाकला. कुणाला कधी कळलंही नाही, आणि आता कळायचं कारणही नाही. तो मोकळेपणाने हसला.

"आपा, एवढी धुरी बंद करा बुवा. जिवावर उठलीय पोवळ्याच्या."

बातिमा आपाने किटली खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता.

"मला काय ठाऊक रे, बाळा. त्याला जपायलाच धुरी देत होते. काचेभोवती फिरवायची, खालच्या कपाटात फिरवायची. दृष्ट लागत होती ना त्याला."

"कुणाची गं आपा?" येर्बोल हसत म्हणाला. "आणि दृष्ट काय फक्त रविवारी लागते?"

आपाने सापारची चहाची वाटी त्याच्यापुढे सरकवली, अगदी आदराने, दोन्ही हातांनी.

"रविवारी दुसरं कोण येतं रे आपल्याकडे?"